काउंटरवर बसूनच शिका: सीमाभागातल्या वैद्यकीय ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक

बेळगाव शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी अशी कॉलेजं गेल्या काही दशकांत बरीच वाढली. प्रत्येक कॉलेजला लायब्ररी आहे आणि तिथे तुमच्या-माझ्यासारखी माणसं बसतात. आपण शिकलो ते ग्रंथालयशास्त्र. वर्गीकरण, तालिकीकरण, इश्यू-रिटर्न, स्टॉक व्हेरिफिकेशन हे आपल्या हातचं काम. समोर उभा राहणारा पीजीचा विद्यार्थी मात्र विचारतो, "मॅडम, सिनॉप्सिस पुढच्या आठवड्यात द्यायचाय, या विषयावर काय काय झालंय ते मिळेल का?" आणि एचओडी विचारतात, "या जर्नलला पेपर पाठवू का? खरं आहे ना हे?" बी.लिब.-एम.लिब.च्या अभ्यासात या प्रश्नांची तोंडओळखसुद्धा धड होत नाही.

ही उणीव भरून काढायला बंगळूर-दिल्लीला जायची गरज नाही. जे लागतं त्यातलं बहुतेक फुकट आहे आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडतं. अडचण येते ती भलत्या टोकाने सुरुवात केल्यामुळे. वेबिनारांची प्रमाणपत्रं गोळा करून फाइल जाड होते, पण पुढच्या वाचकाचा प्रश्न सुटत नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे. आधी वैद्यकीय साहित्याचा शोध घ्यायला शिका, तोही रोज काउंटरवर येणाऱ्या खऱ्या प्रश्नांवर. बाकीचं त्याच्या मागून येऊ दे.

आधी घरात काय आहे ते पाहा

आपल्या कॉलेजला कोणती जर्नल्स आणि डेटाबेस आधीच उघडे आहेत, हे कित्येक लायब्ररींत नीट लिहून ठेवलेलं नसतं. यूजर आयडी एकाच्या डायरीत, पासवर्ड दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये. म्हणून पहिलं काम म्हणजे एक पानभर यादी.

ही यादी तुमचं कॉलेज कुणाच्या छत्राखाली आहे त्यावर ठरते. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल तर विद्यापीठाचं हेलिनेट आहे. २००३ पासून चालत आलेली ही सामायिक वर्गणीची व्यवस्था आहे. संलग्न कॉलेजांना तिच्यातून ई-जर्नल्स आणि ई-बुक्स मिळतात, घरून वापरायची सोयही असते. तुमच्या कॉलेजला त्यातलं नेमकं काय मिळतं ते विद्यापीठाच्या डिजिटल लायब्ररी विभागाकडून लेखी मागवून घ्या. कॉलेज अभिमत विद्यापीठाचं असेल तर वर्गणी त्या विद्यापीठाची स्वतःची असते. तिथे मुख्य ग्रंथपालांकडे बसून यादी उतरवून घ्यावी.

सरकारी कॉलेज किंवा केंद्र सरकारची संशोधन संस्था असेल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' तपासा. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. १ जानेवारी २०२५ पासून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स तिच्यातून मिळू लागली. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट तिचा कारभार पाहतं. पहिल्या टप्प्यात खासगी संस्था नाहीत. बेळगावातली बरीच मोठी कॉलेजं खासगी असल्यामुळे ही गोष्ट वाचकांना स्पष्ट सांगावी लागते, नाहीतर ते बातमी दाखवून तुमच्याशी हुज्जत घालतात.

आणखी एका बाबतीत तुमचा वेळ वाचवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिनारी योजनेबद्दल खूप जण विचारतात. तिची जर्नल्स गरीब देशांतल्या संस्थांसाठी आहेत आणि भारत त्या यादीत बसत नाही, तेव्हा अर्ज करून वाट पाहू नका. ही योजना रिसर्च-फोर-लाइफ या छत्राखाली चालते आणि तिथलं प्रशिक्षणाचं साहित्य मात्र सगळ्यांना खुलं आहे. ते चांगलं आहे, जरूर वापरा.

पबमेड: इथे घाई करू नका

बाकी सगळं राहिलं तरी चालेल, पण पबमेड पक्कं झालंच पाहिजे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा (एनएलएम) हा डेटाबेस १९९७ पासून सगळ्या जगाला मोफत आहे आणि त्यात ३ कोटी ७० लाखांहून जास्त नोंदी आहेत. गुगलसारखी चौकट दिसते म्हणून लोक त्यात वाक्यच्या वाक्य टाकतात आणि मिळेल ते घेऊन जातात. आपलं काम तिथूनच सुरू होतं.

इंग्रजीत 'हार्ट अटॅक' एवढंच टाइप करून शोधा. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर जा, खाली हिस्टरी दिसेल, तिथे त्या शोधापुढचं 'डिटेल्स' उघडा. तुम्ही दोनच शब्द दिले होते, पबमेडने ते आपणहून 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या विषयशीर्षकाशी जोडून घेतलेले दिसतील. हे विषयशीर्षक येतं मेशमधून. आपण सीअर्स लिस्ट शिकलो, त्याच घराण्यातली ही वैद्यकीय विषयशीर्षकांची यादी, १९६० पासूनची. वरचं शीर्षक घेतलं की त्याच्या पोटातली सगळी शीर्षकं आपोआप येतात. 'श्वसनमार्गाचे विकार' घेतलं की दमा, न्यूमोनिया हे सगळं त्यात आलंच. ड्यूई वर्गीकरण वापरलेल्या माणसाला ही उतरंड समजायला दहा मिनिटं पुरतात. डॉक्टरला बहुधा ती कुणी समजावलेली नसते. म्हणूनच या कामात तुम्ही डॉक्टरच्या पुढे जाऊ शकता, आणि हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाही.

आता आपल्याच भागातला एक प्रश्न घेऊ. समजा कम्युनिटी मेडिसिनची विद्यार्थिनी आली. तिला निपाणीच्या बिडी कामगार बायकांच्या श्वसनाच्या तक्रारींवर काम करायचंय आणि आधीचं संशोधन हवंय.

प्रश्नाचे तीन तुकडे पाडा: बिडी, ती वळण्याचं काम आणि श्वसन. प्रत्येक तुकड्याची वेगळी ओळ करायची.

पहिली ओळ बिडीची. इंग्रजीत बिडीचं स्पेलिंग एकच नाही. बी-आय-डी-आय आहे, बी-डबल ई-डी-आय आहे आणि बंगालकडच्या पेपरांत बी-आय-आर-आय सुद्धा सापडतं. तिन्ही घ्या, त्यांची अनेकवचनं घ्या आणि मध्ये मोठ्या अक्षरांत 'ओआर' लिहा. लहान अक्षरांत लिहायची सवय लावून घेऊ नका. प्रत्येक शब्दाला 'टायटल-अ‍ॅबस्ट्रॅक्ट'ची खूण जोडा, म्हणजे पबमेड तो शब्द शीर्षकात, सारांशात आणि लेखकांनी दिलेल्या कीवर्ड्समध्येच शोधेल.

दुसरी ओळ कामाची. वर्कर, रोलर, रोलिंग, मेकिंग हे मोकळे शब्द, आणि मेशमधली 'ऑक्युपेशनल डिसीजेस', 'ऑक्युपेशनल एक्स्पोजर' ही शीर्षकं. ही ओळ नसेल तर बिडी ओढणाऱ्यांवरचे शेकडो पेपर येतात आणि वळणाऱ्या बायका त्यात हरवतात.

तिसरी ओळ श्वसनाची. मेशमधून 'रेस्पिरेटरी ट्रॅक्ट डिसीजेस' आणि 'रेस्पिरेटरी फंक्शन टेस्ट्स', मोकळ्या शब्दांत स्पायरोमेट्री, कफ, अ‍ॅस्थमा, लंग फंक्शन. मेशचं शीर्षक आणि मोकळा शब्द दोन्ही लागतात, त्यालाही कारण आहे. सगळ्याच नोंदींना मेश लागलेलं नसतं, आणि २०२२ पासून मेडलाइनची, म्हणजे पबमेडच्या मेश लावलेल्या मुख्य भागाची, शीर्षकं मुख्यतः संगणकच लावतो. नुसत्या मेशवर विसंबलं तर काही चांगले पेपर हातचे जातात.

तिन्ही ओळी वेगवेगळ्या चालवा आणि मग हिस्टरीत जाऊन 'अँड'ने जोडा. एकाच चौकटीत सगळं लिहायचं असेल तर प्रत्येक ओळीला कंस हवेतच, कारण पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं.

इथे हात आवरायच्या दोन जागा आहेत. बायकांचा विषय आहे म्हणून बाजूच्या फिल्टरमध्ये 'फीमेल'वर टिक करायचा मोह होतो. तो टाळा. ते फिल्टर मेशवर चालतं, त्यामुळे मेश न लागलेले ताजे पेपर मुकाट्याने गळतात. 'फ्री फुल टेक्स्ट'चंही तसंच. आधी काय काय आहे ते पाहायचं, मिळवायचं कसं ते नंतर. दुसरं म्हणजे शोधात निपाणी किंवा कर्नाटक घालू नका. मुर्शिदाबाद, सोलापूर, मंगळूर इथल्या बिडी कामगारांवरचं संशोधन या विद्यार्थिनीच्या तितकंच कामाचं आहे.

शब्दाच्या शेवटी चांदणी टाकून त्याची सगळी रूपं घेता येतात, मात्र चांदणीआधी किमान चार अक्षरं लागतात. आणि चांदणी टाकली की पबमेड त्या शब्दाचं मेशशी आपोआप जुळवणं बंद करतं, हे लक्षात असू द्या.

शोध झाला की तारीख, पूर्ण ओळी आणि किती नोंदी आल्या ते एका वर्ड फाइलमध्ये चिकटवून विद्यार्थिनीला मेल करा. तिच्या थीसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात ते जसंच्या तसं लागतं. आणि दुसऱ्या वर्षी तिची ज्युनिअर थेट तुमच्याकडे येते.

एक पेपर घेऊन सराव करा

सरावासाठी आपल्या जिल्ह्यातलंच एक गाजलेलं संशोधन घ्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला मिसोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडते का, याची चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. गावच्या एएनएम सिस्टरांनी ती गोळी दिली, १,६२० बायका तिच्यात होत्या आणि निष्कर्ष २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. गोळी घेतलेल्यांत रक्तस्रावाचं प्रमाण ६.४ टक्के, न घेतलेल्यांत १२ टक्के. हा पेपर पबमेडमध्ये शोधून काढा. खाली मेशची शीर्षकं वाचा. उजवीकडे 'सिमिलर आर्टिकल्स' आणि 'साइटेड बाय' उघडून पाहा. एका पेपरवरून दहा पेपरांपर्यंत कसं पोचायचं ते या एका सरावात कळतं.

हाच पेपर आणखी एक गोष्ट शिकवतो. त्यात गावाचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने आहे. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीतली शहरांची नावं बदलली. नॅकच्या मूल्यांकनाच्या किंवा एनआयआरएफच्या क्रमवारीच्या वेळी प्राचार्य सांगतात, आपल्या प्राध्यापकांचे सगळे पेपर काढून द्या. तेव्हा 'अ‍ॅफिलिएशन' या क्षेत्रात जुनं आणि नवं दोन्ही नाव 'ओआर'ने घालावं लागतं, शिवाय कॉलेजचं पूर्ण नाव आणि संक्षिप्त नावही. फक्त बेळगावी म्हणून शोधलं तर २०१४ आधीचं जवळजवळ सगळं काम यादीतून उडतं. विजापूर-विजयपूर, गुलबर्गा-कलबुर्गी यांनाही हेच लागू.

शिकण्यासाठी पबमेडचंच प्रशिक्षणाचं पान आहे. तिथे दोन-चार मिनिटांचे छोटे धडे आहेत. एनएलएमच्याच नेटवर्कचे मोठे वर्ग अमेरिकेच्या वेळेनुसार, म्हणजे आपल्याकडे रात्री होतात. थेट वर्गासाठी जागण्यापेक्षा रेकॉर्डिंग पाहा. त्यांच्या बोलण्याचा वेग जास्त वाटला तर व्हिडिओचा वेग थोडा कमी करा आणि सबटायटल चालू ठेवा. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्यांना याचा खूपच आधार होतो. ब्रिटनच्या आरोग्य सेवेनेही साहित्यशोधावरचे छोटे ऑनलाइन धडे मोफत ठेवले आहेत. नवख्यांसाठी मला ते जास्त सोपे वाटतात.

पबमेडच्या पलीकडे

पबमेडमध्ये सगळं नसतं. भारतातली कित्येक जर्नल्स तिथे नाहीत. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं ग्लोबल इंडेक्स मेडिकस पाहा, त्यात आग्नेय आशिया विभागाच्या नोंदी वेगळ्या निघतात. औषधाची चाचणी भारतात चालू आहे का हे पाहायला क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया आहे, २००७ पासून. थीसिस करणाऱ्यांना नोंदणीसाठीही तिथेच जावं लागतं, त्यामुळे फॉर्म कसा दिसतो ते एकदा स्वतः पाहून ठेवा.

कॉक्रेन लायब्ररीत एकेका उपचाराबद्दलचं सगळं संशोधन तोलून लिहिलेले आढावे असतात. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये देशासाठी वर्गणी भरून ती भारतात खुली केली. तुमच्या कॉलेजच्या नेटवर्कवरून पूर्ण आढावा उघडतो का ते एकदा तपासा. साध्या भाषेतला सारांश तर कुणालाही वाचता येतो, आणि नर्सिंगच्या मुलींना सुरुवातीला तोच द्यावा.

आयुर्वेद कॉलेजातल्या सहकाऱ्यांसाठी आयुष रिसर्च पोर्टल आहे. पबमेडमध्येही आयुर्वेदाला स्वतंत्र मेश शीर्षक आहे. तिथे शोधताना वनस्पतीचं लॅटिन नाव, संस्कृत नाव आणि इंग्रजी प्रचलित नाव अशी तिन्ही लागतात. अश्वगंधेसाठी 'विथानिया' न घालता केलेला शोध अर्धाच राहतो. पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे. तिथल्या संशोधकांचे पेपर काढून पाहिले तर हे शब्द कसे वापरतात ते नेमकं कळतं.

संशोधनाची भाषा समजून घ्या

कोहोर्ट म्हणजे काय, केस-कंट्रोल म्हणजे काय, रँडमाइज्ड चाचणी कशाला म्हणतात, हे माहीत नसेल तर शोध पुढे सरकत नाही. त्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा 'बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च' एनपीटीईएल-स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तो पीजी विद्यार्थ्यांना सक्तीचा केलाय. म्हणजे तुमचे वाचक जे ऐकतात तेच तुम्हीही ऐकायचं. व्याख्यानं छोटी आहेत. संख्याशास्त्राची काही जड गेली तरी सोडून पुढे जा. संशोधनाचा प्रश्न कसा मांडतात आणि अभ्यासाचे प्रकार कोणते, ही सुरुवातीची व्याख्यानं मात्र दोनदा ऐका. पेपर कसा पारखायचा यासाठी कास्प या नावाच्या प्रश्नावल्या मोफत उतरवून घेता येतात. दर प्रकारच्या अभ्यासाला वेगळी प्रश्नावली. एक छापून काउंटरवर ठेवा, जर्नल क्लबच्या आदल्या दिवशी मुलं ती मागायला येतात.

संदर्भ: इथे हल्ली सगळ्यात जास्त गडबड आहे

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर शिका. मोफत आहे, वर्डमध्ये बसतो, आणि थीसिसला लागणारी संदर्भांची व्हँकुवर शैली त्यात निवडता येते. पबमेडचा क्रमांक टाकला की पूर्ण संदर्भ आपोआप भरतो. सोबत ३०० एमबी जागा फुकट मिळते. ती पीडीएफनी लवकर भरते, म्हणून विद्यार्थ्यांना पीडीएफ सिंक बंद ठेवायला सांगा, नुसते संदर्भ त्यात वर्षानुवर्षं मावतात. अर्धा दिवस स्वतः हाताळलात तर पुढच्या आठवड्यात पाच जणांना शिकवू शकाल.

आता नवी डोकेदुखी. विद्यार्थी चॅटजीपीटीकडून संदर्भांची यादी घेऊन येतात. लेखकांची नावं खरी वाटतात, जर्नल खरं असतं, आणि पेपर मात्र अस्तित्वातच नसतो. असा संदर्भ थीसिसमध्ये गेला तर नाव विद्यार्थ्याचं आणि गाईडचं खराब होतं. म्हणून यादी हातात आली की पबमेडचं 'सिंगल सायटेशन मॅचर' उघडा. जर्नल, वर्ष, पहिलं पान, पहिला लेखक यांतलं जे आहे ते भरा. जुळलं नाही तर डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळखक्रमांक, क्रॉसरेफ या संकेतस्थळावर तपासा. तिथेही नसेल तर शीर्षक अवतरण चिन्हात टाकून गुगल स्कॉलरवर पाहा. तिन्ही ठिकाणी सापडला नाही तर तो संदर्भ लाल करून परत द्या आणि कारण लिहून द्या. ही सेवा तुमच्या लायब्ररीत जाहीर करा. माझ्या मते आजघडीला मेडिकल लायब्ररीतल्या माणसाला याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काम नाही.

तपासताना पेपर मागे घेतलेला तर नाही ना, हेही पाहा. पबमेड तशी ठळक पट्टी दाखवतं. झोटेरोसुद्धा रिट्रॅक्शन वॉचच्या मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीशी ताडून सूचना देतो.

जर्नल खरं की फसवं

यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे 'केअर लिस्टेड' असं मिरवणारं पत्रक आता प्राध्यापकांच्या मेलमध्ये आलं तर त्याला अर्थ नाही. निर्णय संस्थेवर सोपवलाय, आणि तो भार बहुतेक ठिकाणी लायब्ररीवरच येतो. 'थिंक, चेक, सबमिट'ची प्रश्नावली वापरा, आणि मुक्त प्रवेशाचं जर्नल असेल तर डीओएजे या मुक्त जर्नल्सच्या यादीत आहे का पाहा. पबमेडमध्ये एखादा पेपर दिसला म्हणून जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं होत नाही. एनएलएमच्या जर्नल कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका आणि 'करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन' असं लिहिलंय का ते वाचा. प्राध्यापकांना हा फरक समजावताना पान उघडून दाखवावं लागतं, तोंडी पटत नाही.

पद्धतशीर आढावे

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची, म्हणजे एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरलेल्या पद्धतीने गोळा करून तोलण्याची, लाट आपल्याकडेही आलीय. इथे शोधाची जबाबदारी मोठी असते. पबमेड पक्कं झाल्याशिवाय यात उतरू नका. नंतर असे आढावे कसे लिहायचे याची प्रिझ्मा २०२० ही नियमावली वाचा, त्यातली शोध कसा नोंदवायचा याची १६ कलमी पुरवणी, प्रिझ्मा-एस, वाचा, आणि प्रॉस्पेरो या आढाव्यांच्या नोंदवहीत आधीच कुणी तोच विषय नोंदवलाय का ते तपासायला शिका. चाळणीसाठी रय्यान हे साधन सोपं आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा याच विषयावरचा कोर्स कोर्सेरावर आहे, तो चांगला आहे.

आणि मागायला लाजू नका. शोधाची आखणी तुम्ही केली, पद्धतीचा भाग तुम्ही लिहिलात, मसुदा वाचलात, अंतिम प्रतीला मान्यता दिलीत आणि कामाची जबाबदारी घेतलीत तर सहलेखक म्हणून तुमचं नाव लागायला हवं. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष चार आहेत, ते छापून जवळ ठेवा. नुसती मदत केली असेल तर आभारात नाव. हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्यायचं असतं.

रुग्णांचे नातेवाईक विचारतात तेव्हा

चंदगड, गडहिंग्लजकडून बेळगावच्या हॉस्पिटलांत माणसं येतात. कॉलेजच्या आवारात लायब्ररी दिसली की कुणीतरी रिपोर्ट घेऊन आत येतो आणि म्हणतो, "बाई, ह्यात काय लिवलंय बघा की जरा." रिपोर्टचा अर्थ आपण सांगायचा नाही, तो डॉक्टरांनीच सांगायचा. पण त्याला तसाच हात हलवत पाठवूही नये. विकासपीडियावर आरोग्याची माहिती मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. नेहमी विचारल्या जाणाऱ्या आठ-दहा आजारांची पानं संबंधित विभागाच्या डॉक्टरांना दाखवून मान्य करून घ्या, दोन्ही भाषांत छापून ठेवा. विभागप्रमुखांची सही असलेली ती पानं लोक घडी घालून खिशात नेतात.

कोर्स, माणसं आणि ऑफिस

प्रमाणपत्र हवंच असेल तर स्वयमवर इग्नूचे ग्रंथालयशास्त्राचे कोर्स निघतात. परीक्षेची फी वेगळी असते. नाव नोंदवण्याआधी ऑफिसच्या आस्थापना विभागाला एक पत्र देऊन विचारा की हे प्रमाणपत्र बढतीला किंवा वेतनवाढीला धरलं जाईल का. उत्तर लेखी घ्या.

सीमेवर राहण्याचा एक फायदा आपण पुरेसा घेत नाही. उत्तरेला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दक्षिणेला धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. दोन्हीकडे ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत आणि दोन्हीकडे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मेडिकल लायब्ररी असोसिएशन ऑफ इंडियाचं वार्षिक अधिवेशन दरवर्षी वेगळ्या शहरात भरतं. जवळपास असेल त्या वर्षी तरी जा, आणि पेपर वाचायला नाव द्या. विषयासाठी लांब जाऊ नका. आपल्या काउंटरवर वर्षभरात आलेले प्रश्न हाच चांगला विषय आहे.

गावातल्या गावात गट जमवणं याहून सोपं. चार कॉलेजांचे सहा-सात जण महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी एकत्र बसा. अट एकच, प्रत्येकाने महिन्यातला एक अवघड शोध घेऊन यायचा आणि पडद्यावर सगळ्यांसमोर चालवून दाखवायचा. मराठी बोलणारा मराठीत बोलेल, कन्नड बोलणारा कन्नडमध्ये, स्क्रीन सगळ्यांची एकच. कुणी फिजिओथेरपीचा असतो, कुणी फार्मसीचा, त्यामुळे शब्दांची देवघेव होते. असे गट नव्या पाहुण्या वक्त्याच्या शोधात मोडतात. वक्ता बोलावूच नका.

गटात अटेंडंटनाही घ्या. आमच्याकडे पुस्तकं जागेवर लावणाऱ्या काहींना एनएलएम वर्गीकरणाची अक्षरं तोंडपाठ आहेत. डब्ल्यूजी म्हणजे हृदय, डब्ल्यूक्यू म्हणजे प्रसूती, डब्ल्यूएस म्हणजे बालरोग. त्यांना मेश समजायला वेळ लागत नाही, फक्त आजवर कुणी कॉम्प्युटरसमोर बसवलेलं नसतं.

वेळ कुठून आणायचा आणि नोंद कशी ठेवायची

सकाळी लायब्ररी उघडल्यावर वाचक येण्याआधीचा अर्धा तास धरा. आठवड्यातून तीन दिवस एक छोटा धडा, उरलेले दिवस आलेल्या प्रश्नांवर सराव. परीक्षेच्या आणि स्टॉक व्हेरिफिकेशनच्या महिन्यांत हे बंद पडतं, पडू द्या, नंतर पुन्हा सुरू करा.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. तारीख, कोणत्या विभागाचा वाचक, प्रश्न त्याच्याच शब्दांत, कुठे शोधलं, किती वेळ गेला, काय दिलं. वाचकाचं नाव लिहायची गरज नाही. सहा महिन्यांनी कोणता विभाग जास्त विचारतो आणि आपण कुठे अडकतो ते वहीतच दिसतं, पुढचा कोर्स त्यावरून निवडता येतो. प्रशिक्षणासाठी ऑन ड्यूटी रजा किंवा नवा कॉम्प्युटर मागताना अर्जाला याच वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडा. अर्जात लिहा की अमुक विभागाच्या इतक्या विद्यार्थ्यांचे शोध लायब्ररीने करून दिले, आणि अमुक प्रकारचे प्रश्न प्रशिक्षणाअभावी अर्धवट राहिले. प्रत लायब्ररी कमिटीच्या अध्यक्षांनाही द्या. ते बहुधा कुठल्या तरी विभागाचे प्रमुख असतात, आणि त्यांच्याच विभागाचे प्रश्न त्या पानांवर असतील तर विषय बैठकीच्या अजेंड्यावर येतो.